खिंडीच्या अलीकडे

कामतघर, भिवंडी
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय मनिषा,

दिवाळीचा डबा पोचला. चकल्यांचा निम्मा चुरा झाला होता, तो मी चहात बुडवून खाल्ला. तू फोन करतेस तेव्हा मी नुसती हां हां करते ते तुला कळतं, मला माहीत आहे. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, कानांनी आता सुट्टी घेतली आहे. म्हणून पत्रच बरं. शाळेपासूनची सवयही आहे.

आता बातमी ऐक. मी डोंगरावर वाट साफ करायला जाते. हसून घे.

नवऱ्याच्या मागे लूम विकल्यावर घरात नुसती भिंतींकडे बघत बसायचे. टेमघरचा भरत माहीत असेल तुला, कॉलेजच्या लायब्ररीत होता तो. रिटायर झाल्यापासून त्याची मंडळी दर रविवारी सोंड्या डोंगरावर जातात. ट्रेकला येणाऱ्या पोरांसाठी त्यांनी जुन्या पायवाटा सांभाळायला घेतल्या आहेत. ज्याला त्याला एकेक तुकडा वाटून दिला आहे. पैसे नाहीत, हाजिरी नाही. मी म्हटलं मलाही द्या. मला पिंपळाच्या ओट्यापासून खिंडीपर्यंतचा तुकडा मिळाला. पूर्वी वरच्या पाड्याची माणसं तिथूनच उतरायची. पलीकडून डांबरी रस्ता झाला आणि या वाटेवर घाणेरीचं रान माजलं. रस्ता मात्र लांबच्या वळशाचा आहे आणि जीप मिळेल तेव्हा मिळते.

पहिल्या रविवारी मी ओट्यापर्यंत जाऊनच बसले. दुसऱ्या रविवारी कोयता घेऊन गुडघ्यांवर आले आणि मुळं तोडायला लागले. मागून आवाज आला, "काय हरावलं काय?" पाड्यावरची एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. तानी तिचं नाव. मी म्हटलं, वाट शोधते आहे. तिला इतकं हसू आलं की तिनं पाटी खाली ठेवली. मग तीही बसली आणि दोघींनी मिळून दुपारपर्यंत काम केलं.

हात सोलले आहेत. पण रात्री झोप लागते, मनिषा. मुनीर गेल्यापासून पहिल्यांदाच.

तुझी,
हबीबा

*

नाशिक
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय हबीबा,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ही दुसरी कोणी हबीबा असेल. आठवीच्या सहलीत गडाच्या पायथ्याशी बसून सगळ्यांच्या चपला सांभाळल्या होत्यास तू. आणि आता कोयता? मला अजून खरं वाटत नाही. गुडघे सांभाळ, आणि पाण्याची बाटली नेत जा.

आमच्याकडेही बातमी आहे. धनेशला नोकरी लागली. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं तो घरी होता. घरात कोणी काही बोलायचं नाही, पण जेवताना त्याची मान वर होत नसे. आता तुमच्याच भागात एका कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर आहे. गोडाऊनसाठी जमिनीवर भराव घालायचं काम आहे म्हणे. कल्याणला खोली घेतली आहे. पहिल्या पगारात माझ्यासाठी साडी आणली, ती नेसून मी देवळात जाऊन आले.

एकदा त्याला घरी जेवायला बोलाव. बाहेरचं खाऊन पोट बिघडवून घेईल. तुझ्या हातचं कालवण त्याला लहानपणापासून आवडतं.

तुझी,
मनिषा

*

कामतघर
५ जानेवारी २०२५

प्रिय मनिषा,

गेल्या महिन्यातच वाट खिंडीपर्यंत पोचली. आज आम्ही सगळे वर बसून भाकरी खाल्ली.

शेवटचा चढ अवघड होता. पावसाळ्यात पाणी वाटेवरून धावतं आणि माती घेऊन जातं, म्हणून जागोजागी आडवे दगड बसवले. पांढऱ्या रंगाचे बाण मी स्वतः काढले, एका दगडावरून दुसरा दिसेल असे. ट्रेकवाले येतातच, पण खरी गंमत पाड्याची आहे. तिथली पोरं आता याच वाटेनं खालच्या शाळेत येतात. तानी धामणकर नाक्यावर बोरं-आवळे विकते. आधी ती जीपची वाट बघत बसायची. आता अंधारातच निघते आणि पहिल्या शेअर रिक्षानं नाक्यावर पोचून चांगली जागा धरते. मला म्हणते, "आता डोले झाकून बी खाली जाईन मी." तिचा नवरा धाकल्या वीटभट्टीवर जातो, कमी बोलतो. मला बघून फक्त मान हलवतो आणि माझ्या हातातलं ओझं घेतो.

धनेश मंगळवारी आला होता. सुरमईचं कालवण केलं होतं. किती उंच झाला आहे, आणि हनुवटी अगदी तुझी. फार शांत मुलगा. मी आपली वाटेचीच बडबड करत होते, पाडा, खिंड, पोरांची शाळा, सगळं. आजकालच्या मुलांना कंटाळा येतो, पण हा हातातला घास थांबवून ऐकत होता. एकदा बघायला ये म्हटलं तर मान हलवली. चांगलं वळण लावलं आहेस.

तुझी,
हबीबा

*

कामतघर
९ फेब्रुवारी २०२५

मनिषा,

तानी गेली.

गुरुवारपासून हे एक वाक्य लिहून कागद बाजूला ठेवते आहे. आज पुढचं लिहिते.

गुरुवारी सकाळी भरत स्वतः घरी आला. मला फोन ऐकू येत नाही म्हणून तो स्कूटर घेऊन आला. तोंड बघूनच कळलं काहीतरी झालं आहे, पण मला वाटलं कोणाला साप चावला. त्यानं वाटेत काही सांगितलं नाही. ओट्यापासून आम्ही चढलो. सगळं नेहमीसारखंच होतं. माझे बाण होते, आडवे दगड होते. खिंडीच्या थोडं अलीकडे वळण आहे, तिथला बाण दिसला. मी वळले आणि भरतनं मागून माझा दंड धरला.

पुढे डोंगर नव्हता.

हे मी तुला कसं समजावू? बाण होता, बाणाच्या पुढे दोन पावलं वाट होती, आणि मग हवा. खाली तीन मजली घराइतका सरळ कापलेला खड्डा, पिवळा, ताजा. खिंडीकडचा वाटेचा तुकडा पलीकडे तसाच लटकत होता. मधला भाग कोणी सुरीनं कापून नेल्यासारखा.

डोंगराच्या मागल्या अंगाला भरावासाठी मुरूम काढायचं काम चालू होतं. खणणाऱ्या पोकलेन मशीनचा आवाज पाड्याला रोजच ऐकू यायचा, कोणाला त्यात नवं वाटलं नाही. बुधवारी संध्याकाळी शाळेची पोरं याच वाटेनं घरी गेली. त्याच रात्री त्यांनी ही बाजूही काढून नेली. दोरी नाही, दिवा नाही, आडवा दगडसुद्धा नाही. तानी पहाटे अंधारात खिंडीकडून उतरत आली. पायाखालची वाट ओळखीची होती.

तिला तोवर वर आणलं होतं. खाली बोरं पसरली होती. धाकल्या कडेला बसला होता. रडत नव्हता. पोलीस मोजमाप घेत होते.

आणि खाली पोकलेनजवळ पिवळं हेल्मेट घातलेला एक जण उभा होता. त्यानं वर पाहिलं. मी त्याला ओळखलं, मनिषा. त्यानंही मला ओळखलं. त्यानं हेल्मेट काढलं, परत घातलं आणि पाठ फिरवली.

मी हाक मारली नाही. तो तुझा धनेश होता.

हबीबा

*

नाशिक
१८ फेब्रुवारी २०२५

हबीबा,

तुझं पत्र मिळालं. त्याआधी दोन दिवस धनेश अचानक घरी आला होता. तब्येत बरी नाही म्हणाला. जेवत नव्हता, खोलीचा दिवा मालवून पडून होता. मला वाटलं कावीळ झाली की काय. तुझ्या पत्रानं मला कळलं की माझ्या घरात काय येऊन पडलं आहे.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, नकाशावर तिथं वाट नव्हती." परत परत तेच. कोणी सांगितलंही नव्हतं म्हणाला. रिकामा डोंगर म्हणूनच काम चाललं होतं. तो काही मालक नाही, हबीबा. चार महिन्यांचा नोकर आहे. वरून जे सांगतात ते तो ड्रायव्हरला सांगतो. उद्या शेठ हात झटकून मोकळा होईल आणि अडकेल तो हा पोरगा.

पोलीस तुला बोलावतील. तू काय पाहिलंस ते सांग, पण त्याचं नाव घेऊ नकोस. तुला तो कोण हे माहीत आहे, हे त्यांना कुठे माहीत आहे? एवढं एकच मागते. पन्नास वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. ती वाट तुम्ही साफ केली नसती, तर ती बाई त्या पहाटे त्या बाजूला गेली असती का?

मनिषा

*

कामतघर
२ मार्च २०२५

मनिषा,

आज पहिला रोजा. पहाटे सहरीचं खाऊन झाल्यावर झोप आली नाही म्हणून लिहायला बसले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नसती गेली. वाट बंद असती तर तानी डांबरी रस्त्यानं गेली असती, जीपची वाट बघत बसली असती आणि आज जिवंत असती. हे तू विचारायच्या आधीपासून मी स्वतःला विचारते आहे. भरत म्हणतो असा विचार करू नका. शेवटच्या बाणाचा रंग मी दोन वेळा दिला होता, अंधारातही दिसावा म्हणून. हे ओझं माझं आहे, ते मी कोणाच्या डोक्यावर देणार नाही.

पण कोणी सांगितलं नव्हतं असं धनेश म्हणाला, ते खोटं आहे.

मी सांगितलं होतं. माझ्या घरात, माझ्या ताटावर. डोंगराचं नाव सांगितलं, पाड्याचं नाव सांगितलं, वाट खिंडीच्या अलीकडे कुठं वळते ते टेबलावर बोटानं काढून दाखवलं. पोरं शाळेला जातात हे सांगितलं. तानी अंधारात निघते हेही सांगितलं. मी तुला लिहिलं होतं ना, घास थांबवून ऐकत होता म्हणून? मला तेव्हा वाटलं, किती लक्ष देऊन ऐकतो आहे. आता तो घास मला डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला तेव्हाच कळलं होतं की त्याचा डोंगर आणि माझा डोंगर एकच आहे. तो काही बोलला नाही. भात घेतला आणि जेवण संपवलं.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात शनिवारी मिळालं. दोन दिवस मी ते उशाखाली ठेवलं. सोमवारी पोलीस चौकीत गेले आणि जबाब दिला. त्याचं नाव घेतलं. त्याला वाट माहीत होती हेही सांगितलं. तुझं पत्र वाचून, समजून, मग सांगितलं. तुला नंतर दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मीच लिहिते आहे.

तू आता लिहिणार नाहीस कदाचित. मी समजेन.

हबीबा

*

नाशिक
२ एप्रिल २०२५

हबीबा,

महिनाभर लिहिलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडणार होते. फाडलं नाही, घेऊन धनेशच्या खोलीत गेले आणि विचारलं, "मावशीनं तुला सांगितलं होतं का?" तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "हो."

मी पलंगावर बसले. मग तो हळूहळू बोलला. ठरलेल्या हद्दीच्या आत काम चाललं होतं तोवर त्याला वाटत होतं की वाट वाचेल. बुधवारी भराव कमी पडला. शेठचा फोन आला, अजून पंधरा मीटर आत घ्या. त्यानं वाट आहे म्हणून सांगितलं नाही. नवी नोकरी होती. त्यानं ड्रायव्हरला हात केला. त्याला वाटलं, सकाळी उजाडलं की दगड लावून घेऊ.

सकाळ व्हायच्या आधीच ती आली.

हे सगळं ऐकूनही मी त्याचीच आई राहिले, हबीबा. तुला खरं सांगते. मागच्या आठवड्यात मी भिवंडीला येऊन गेले. तुला कळवलं नाही. धाकल्याला भेटायला आले होते. त्यानं पोलिसांना सांगावं की अंधार होता, तिचा पाय घसरला, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं मनात होतं. पिशवीत त्याच्यासाठी धोतर आणि मिठाई होती. ते लिहितानाही लाज वाटते.

नाक्यावरून रिक्षा केली. ओट्यापासून तुझे बाण धरून चढत गेले. दम लागत होता, पण वाट इतकी नीट होती की मला बसावं लागलं नाही. वळणाजवळ एक माणूस दगडावर बसलेला होता. त्यानं उठून हातातली काठी माझ्यासमोर आडवी धरली. "फुडं जाव नका. फुडं काय न्हाय." मला तुमच्या वाटेच्या मंडळींतलीच समजून त्यानं पाणी दिलं. मग मला हाताला धरून दोन पावलं पुढे नेलं आणि दाखवलं.

तू लिहिलं होतंस, पण मी ते वाचलंच नव्हतं असं वाटलं. मी खाली बसले.

तो सांगत होता, पाड्याची पोरं अजून ह्याच बाजूनं येतात. कडेकडेनं, झुडपं धरून, कारण रस्त्यानं लांब पडतं. म्हणून तो शाळेच्या वेळेला इथं येऊन बसतो. सकाळी त्यांना पार करतो, संध्याकाळी परत आणतो. बायको गेल्यापासून भट्टीवर गेलेला नाही. पोलिसांनी पट्टी लावली होती, ती वाऱ्यानं उडून गेली.

माझ्या पिशवीतलं काही बाहेर निघालं नाही. मी फक्त म्हटलं, "मशीन चालवायला सांगणारा माझा मुलगा आहे."

तो खड्ड्याकडे वळला. मला वाटलं आता हा मला ढकलेल, आणि ढकललं तर मी काही बोलणार नव्हते. मग तो म्हणाला, "त्याला सांगा, हितं येऊन बस माझ्या जागी. म्हंजी मी कामाला जाईन."

रागानं नाही म्हणाला. सांगावा देतात तसं म्हणाला.

घरी येऊन मी धनेशला तेच शब्द सांगितले, एक कमी नाही, एक जास्त नाही. तो रात्रभर अंगणात बसला होता. सकाळी अंघोळ करून बॅग भरली. कुठं जातोस ते मी विचारलं नाही.

मनिषा

*

कामतघर
९ एप्रिल २०२५

प्रिय मनिषा,

तू येऊन गेलीस आणि मला कळलंही नाही, हे वाचून आधी राग आला, मग रडू आलं. ईदचा शिरखुर्मा फ्रिजमध्ये तसाच पडला होता, तुझ्यासाठी वाटी काढली आणि परत पातेल्यात ओतली.

तुला सांगते काय झालं. शनिवारी धनेश पोलीस चौकीत स्वतः गेला. हद्द सोडून खणलं, शेठच्या फोनवर खणलं आणि वाट आहे हे आपल्याला माहीत होतं, असं त्यानं सांगितलं. भरतला तिथल्या एका हवालदारानं सांगितलं, म्हणून कळलं. शेठची माणसं म्हणतात पोरानं आपल्या मनानं केलं. नोकरी गेली. पुढे केस कुठं जाईल, त्याला आत घेतील की सोडतील, कोणालाच सांगता येत नाही. तुला खोटी आशा देणार नाही.

सोमवारी सकाळी मी वर गेले. वळणाच्या वरच्या अंगानं आम्ही नवी वाट काढतो आहोत. पाड्याची माणसंही येतात. कारवीच्या झुडपांतून खोदत न्यायची आहे, अजून महिना लागेल. मी फावडं घेऊन चढत होते आणि वळणावर बघते तर दगडावर धनेश बसला होता.

दाढी वाढली होती. त्यानं झाडांना दोर बांधून कडेनं धरायला आधार केला होता. मला बघून उभा राहिला. तो भेटला तर काय बोलायचं ते मी दोन महिने ठरवत होते. एकेक शब्द घासून ठेवला होता. तो समोर आला आणि मी फावडं खाली ठेवलं. मी दुसऱ्या दगडावर बसले.

थोड्या वेळानं पोरं आली. त्यांना तो कोण हे माहीत होतं. मोठी पोरं थांबली. एक मुलगी होती, तिनं त्याच्याकडे बघितलं आणि लहान भावाला मागे ओढलं. धनेशनं हात पुढे केला, कोणी धरला नाही. मग तो कडेच्या बाजूला गेला, खड्ड्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि दोराच्या आतून जायला पोरांना जागा करून दिली. त्याच्या टाचा कडेपासून वीतभर होत्या. माती सुटत होती. मला ओरडावंसं वाटलं, पण पोरं घाबरतील म्हणून मी तोंडावर हात धरला. एकेक करून सगळी गेली. तो त्या मुलीच्या भावाच्या दप्तराकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

मग तो परत दगडावर येऊन बसला. मी त्याला पाणी दिलं. त्यानं विचारलं, "मावशी, त्या दिवशी मी बोललो असतो तर?" मी म्हटलं, "तर तानी नाक्यावर असती." याहून सौम्य उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि त्यालाही ते नको होतं असं मला वाटलं.

मी त्याला माफ केलं का, हे विचारू नकोस. मला माहीत नाही. तू मला केलंस का, हे मीही विचारत नाही. धाकल्यानं तर नाहीच केलेलं. वर येताना तो मला वाटेत भेटला होता, खांद्यावर टॉवेल, हातात भाकरीचं फडकं. माझ्याकडे बघून मान हलवली आणि भट्टीकडे उतरून गेला.

तुझी,
हबीबा